अंगणातल्या कुंड्यांत वासाची झाडं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत ओळखीच्यांकडून, त्यांच्या ओळखीच्यांकडून आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाटावरून जे प्रश्न आले, ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आमचं घर टिळकवाडीकडे आहे, त्यामुळे लाल माती आणि चार महिन्यांचा पाऊस गृहीत धरून लिहिलं आहे. अथणी-रायबागकडच्यांनी १५ वा प्रश्न आधी वाचावा.

१. दिसायलाही छान आणि वासालाही छान अशी झाडं हवीत. पहिल्यांदाच लावणार आहे. सुरुवात कशानं करू?

गवती चहा, पानओवा आणि पुदिना. ही तिन्ही विकत घ्यायची नसतात, मागून आणायची असतात. गवती चहाचं एक ठोंब, ओव्याची वीतभर फांदी आणि भाजीवालीकडच्या पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या एवढ्यावर काम भागतं. गवती चहा कारंजासारखा उसळतो, ओव्याची लवदार पानं कुंडीच्या काठावर पसरतात. पांढऱ्या काठाचा ओवा मिळाला तर सोडू नका, अंधाऱ्या कोपऱ्यात तो उठून दिसतो.

हे तिन्ही एक पावसाळा तगले की तुळस, सब्जा, मरवा आणि पाच (आकडा नव्हे, वासाच्या पानांचं झाड) यांच्याकडे वळा. दवणा आणि रोजमेरी त्यानंतर. पहिल्याच वर्षी लव्हेंडर आणू नका. का, ते १० व्या प्रश्नात आहे.

२. नर्सरीत कन्नड नावं सांगतात, मग आपण नेमकं काय घेतोय ते कळत नाही. कुठलं नाव म्हणजे काय?

दोड्डपत्रे म्हणजे आपला पानओवा. कामकस्तुरी म्हणजे सब्जा. मरुग म्हणजे मरवा. मज्जिगे हुल्लु म्हणजे गवती चहा. पच्चेतेने म्हणजे पाच, जी अबोलीच्या गजऱ्यात मध्ये मध्ये ओवतात ती. दवन म्हणजे दवणा, हे सांगायला नको.

खरा घोळ नावापेक्षा रोपात होतो. लहान रोप असताना सब्जा आणि तुळस एकमेकांच्या नावानं खपतात. पान चुरगाळून पाहा. सब्ज्याचं पान गुळगुळीत आणि चकचकीत असतं, वास गोडसर, बडीशेपेच्या जवळ जाणारा. तुळशीच्या पानावर आणि देठावर बारीक लव असते, वास लवंगेसारखा तिखट.

३. कुंडी मातीची घ्यावी, प्लॅस्टिकची की सिमेंटची?

पावसात उघड्यावर राहणार असेल तर मातीची. भाजलेल्या मातीतून ओल बाहेर पडत राहते आणि मुळांना श्वास मिळतो. खानापूर जवळ असल्यामुळे आपल्याकडे चांगली भाजलेली कुंडी शोधायला लांब जावं लागत नाही. घेताना बोटाच्या पेरानं टिचकी मारा. खणखणीत वाजली पाहिजे, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे.

गच्चीवर ठेवायच्या असतील तर वजनाचा विचार करा. बारा इंची मातीची कुंडी ओल्या मातीसकट सहज २० किलोच्या वर जाते. तिथे प्लॅस्टिक चालेल, फक्त पाणी कमी घालायचं. सिमेंटची नवी कुंडी असेल तर आठवडाभर पाणी भरून ठेवा आणि दर दोन दिवसांनी ओतून बदला. नव्या सिमेंटमधला चुना मुळांना सोसत नाही.

आकाराचं म्हणाल तर पुदिन्याला पसरट, गवती चहाला खोल, बाकी सगळ्यांना आठ ते दहा इंची. छोट्या झाडाला मोठी कुंडी देऊ नका. मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि आंबते.

४. माती कुठली घालायची ओ? आमच्या दारातलीच चालेल काय?

बेळगाव, खानापूर, हुक्केरीच्या पश्चिमेकडची लाल जांभ्याची माती असेल तर चालेल, पण नुसती नको. ही माती मोकळी वाटते, पण कुंडीत चार वेळा पाणी पडलं की वर पापडी धरते आणि पाणी कडेनं वाहून जातं. खालची माती कोरडीच राहते आणि आपण म्हणतो, रोज पाणी घालतो तरी झाड का सुकतं!

माझं प्रमाण असं: दोन घमेली लाल माती, एक घमेलं जुनं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं अर्धवट जाळलेलं भाताचं तूस. तूस राइस मिलच्या मागे मिळतं. कच्चं तूस कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं, म्हणून काळं होईपर्यंत धुमसवायचं आणि राख व्हायच्या आत पाणी मारून विझवायचं. काळं तूस वर्षानुवर्षं कुजत नाही, माती मोकळी ठेवतं. हे जमलं नाही तर कोकोपीट घ्या, पण कोकोपीट पाणी धरून ठेवतं हे पावसाळ्यात लक्षात असू द्या.

रोजमेरी, थाईम, दवणा यांना खायला कमी आणि निचरा जास्त लागतो. त्यांच्यासाठी लाल मातीइतकीच जाड वाळू किंवा विटांचा चुरा घ्या आणि खत जेमतेम मूठभर.

साखर कारखान्याचा प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, पुष्कळांना फुकट मिळतो. ताजा घालू नका. कुजताना तो गरम होतो, हात घालून पाहिलात तर कळेल. पूर्ण कुजून मातीसारखा झाला, वास गेला, की शेणखताच्या जागी चालतो.

५. कुंडीच्या तळाला खडी घालावी ना, निचऱ्यासाठी?

नको. हे उत्तर दिलं की लोक रागावतात, कारण सगळ्यांनी आयुष्यभर खडी घातलेली असते, माझ्या सासऱ्यांनीही घातली. पण बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. वरची माती पुरती तुडुंब भिजेपर्यंत ते तिथेच लटकून राहतं. म्हणजे खडीनं निचरा वाढत नाही, ओल्या मातीचा थर मात्र मुळांच्या आणखी जवळ येतो. वर मातीची जागाही कमी होते.

भोकावर फुटक्या कौलाचा एक तुकडा पालथा ठेवा, माती वाहून जाणार नाही एवढ्यापुरता. निचरा हवा असेल तर तो मातीतच मिसळा (प्रश्न ४).

६. ऊन किती लागतं? आमची गॅलरी उत्तरेला आहे.

तुळस, सब्जा, मरवा, दवणा, रोजमेरी यांना रोज पाच-सहा तास. पुदिना आणि पानओवा यांना सकाळचं तीन तास पुरे. पाच तर सावलीतच खुलते, कडक उन्हात तिची पानं पिवळट होतात.

उत्तरेच्या गॅलरीबद्दल एक गंमत. बेळगावात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या ८-९ तारखेच्या आसपास. मधल्या तीन महिन्यांत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणून उत्तरेच्या गॅलरीत मे महिन्यात चांगलं ऊन येतं आणि माणसं हुरळून तुळशी लावतात. दिवाळीनंतर तिथे ऊन फिरकतही नाही. अशा गॅलरीत पाच, पुदिना, ब्राह्मी लावा. तुळस दक्षिणेच्या किंवा पूर्वेच्या बाजूला हलवा.

७. पाणी रोज घालायचं की एकाआड एक दिवस?

दिवस मोजू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, कोरडं लागलं तर घाला. मातीची कुंडी असेल तर टिचकीही चालते. भरपूर ओल असेल तर आवाज बद्द येतो, माती वाळली की पोकळ वाजते. आमच्या सासूबाई खुरप्याच्या मुठीनं सगळ्या कुंड्या ओळीनं वाजवत जायच्या आणि बरोबर हवी तिलाच तांब्याभर पाणी मिळायचं. एप्रिल-मेत मात्र आठ इंची कुंडीला रोज लागेल, तेही सकाळी.

८. पावसाळ्यात झाडं मरूलाल्यात. उन्हाळ्यात चांगली होती की! काय चुकतंय?

हा प्रश्न दर जुलैला येतो, आणि सगळ्यात जास्त याचाच. आपल्याकडे कुंडीतली वासाची झाडं उन्हानं फारशी मरत नाहीत. उन्हानं माना टाकतात, पाणी घातलं की उठतात. पावसानं मात्र मुळं कुजतात, वरून कळत नाही आणि कळतं तेव्हा झाड हातात उपटून येतं. कणकुंबी-जांबोटीकडे तर विचारायलाच नको, पण शहरातही जून ते सप्टेंबर माती वाळायची संधी मिळत नाही. बऱ्याचशा वासाच्या झाडांचं मूळ कोरड्या, खडकाळ मुलखातलं आहे, त्यांना हे मानवत नाही.

मृगाच्या आधी, म्हणजे ७ जूनच्या आत, एक रविवार यासाठी काढा. कुंड्यांखालच्या सगळ्या ताटल्या काढा. प्रत्येक कुंडी दोन विटांवर ठेवा, भोक मोकळं राहील अशी. भोकात काडी घालून ते बुजलेलं नाही ना ते बघा, कारण उन्हाळ्यात मुळंच तिथे येऊन बसतात. दाट वाढलेली झाडं एक तृतीयांश छाटा म्हणजे मधून वारा खेळेल. खत द्यायचं थांबवा ते थेट सप्टेंबरपर्यंत.

मग वाटणी करा. गवती चहा, पाच, ब्राह्मी, पुदिना पावसात राहू देत, खूश होतात. मरवा, रोजमेरी, थाईम, पानओवा आत. पानओव्याचं आश्चर्य वाटेल, पण त्याचा देठ पाण्यानं भरलेला असतो, सततच्या पावसात बुडाशी काळा पडून गळतो.

"आत" म्हणजे ओटीवर, पडवीत, जिथे उजेड आहे पण पाऊस नाही तिथे. वळचणीखाली ठेवताना पागोळ्यांची रेघ टाळा. कौलांवरून पडणारी धार एकाच जागी आदळते आणि दोन दिवसांत कुंडीतली माती खणून काढते, मुळं उघडी पडतात. मी हे एका वर्षी चार मरव्यांवर शिकले. भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, सुरक्षित वाटलं होतं.

आणि मेच्या शेवटी प्रत्येक झाडाच्या दोन-दोन काड्या वेगळ्या छोट्या कुंडीत लावून ठेवा. मोठं गेलं तर पोरं उरतात.

९. पुदिना नुसता लांब लांब वाढूलालाय, पानं बारीक, मधे सगळा देठच. काय करू?

कात्री घ्या आणि मातीपासून दोन बोटं ठेवून सगळा कापा. हात थरथरतो, पण कापा. दोन आठवड्यांत दाट फुटवा येतो. पुदिना लांबतो तो कापला नाही म्हणून, सावली जास्त म्हणून, किंवा कुंडी मुळांनी गच्च भरली म्हणून. वर्षातून एकदा कुंडी उलटी करून मुळांचा गठ्ठा मोडा, कडेचे ताजे धावरे तेवढे नव्या मातीत लावा आणि मधला जुना भाग टाकून द्या.

पुदिन्याला कुणाशेजारी लावू नका (प्रश्न ११).

१०. रोजमेरी आणि लव्हेंडर बेळगावात होतं का?

रोजमेरी होते. बियांपासून करत बसू नका, फार थोडं उगवतं. चार बोटांची कोवळी पण लवचिक फांदी, खालची पानं काढून, वाळूत लावा. दोन महिने लागतात. पावसात आत, बाकी आठ महिने कडक उन्हात, आणि दोन पाण्यांच्या मध्ये माती पूर्ण कोरडी. सुईसारख्या पानांची ती गर्द हिरवी उभी झाडी अंगणात फार देखणी दिसते.

लव्हेंडर मी तीनदा आणलं. पहिलं जुलैत गेलं, दुसरं ऑगस्टमध्ये. तिसरं दातेरी पानांच्या प्रकारचं होतं, ते दोन पावसाळे पडवीत जगलं, फुलं आठ-दहा आली, त्याच्यापुढे माझा उत्साह संपला. चंदेरी पान आणि वास दोन्ही हवं असेल तर दवणा लावा. आपल्या मातीतला आहे आणि वास त्याहून सरस, असं माझं स्पष्ट मत.

११. एका मोठ्या कुंडीत तीन-चार झाडं एकत्र लावली तर शोभा येते. कोणती जमतात?

पाण्याची तहान जुळली पाहिजे, रंग नंतर बघू. कोरडं आवडणाऱ्यांत रोजमेरी मध्ये, मरवा बाजूला, थाईम काठावरून लोंबणारा. ओलं आवडणाऱ्यांत पाच मागे, ब्राह्मी काठावर. तुळशीजवळ जांभळ्या पानांचा सब्जा छान दिसतो.

पुदिना आणि गवती चहा एकटेच. दोघंही वर्षभरात सगळी कुंडी गिळतात.

१२. वृंदावनातली तुळस टिकत नाही. दरवर्षी नवी लावावी लागते. दोष काही आहे का?

दोष असला तर सिमेंटचा. बऱ्याच वृंदावनांना तळाला भोकच नसतं. वरून देवाचं पाणी, दूध, हळद-कुंकू, अक्षता, निरांजनाचं तेल. सगळं त्याच वीतभर मातीत मुरतं. दूध नासतं, तेलानं मातीवर साय धरते. सोपा उपाय: तुळस वेगळ्या मातीच्या कुंडीत लावून ती वृंदावनात बसवा. पूजा वृंदावनाच्या कठड्यावर, झाडाला फक्त पाणी. दिवा पानांपासून हातभर लांब.

दुसरं कारण मंजिरी. मंजिरी वाळेपर्यंत ठेवली की झाडाला वाटतं काम झालं, मग ते निबर होत जातं. हिरव्या असतानाच खुडा. ज्यांच्या घरी रविवारी आणि द्वादशीला तुळस तोडत नाहीत त्यांनी शनिवारी खुडाव्यात, एका दिवसानं काही बिघडत नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत दोन-चार मंजिऱ्या बियांसाठी राखा. बी मोहरीहून बारीक असतं, मातीवर नुसतं भुरभुरायचं, पुरायचं नाही. थंडीत उगवत नाही, मार्चनंतर टाका.

डिसेंबर-जानेवारीत पानं जांभळट होऊन गळतात ती थंडीनं. घाबरून पाणी वाढवू नका. आणि इतकं करूनही तुळस दोन-तीन वर्षांत काष्ठ होते, तो तिचा स्वभाव आहे.

१३. दवणा कुंडीत येतो का? चैत्रात जोतिबाला न्यायला घरचा हवा होता.

येतो, आणि तेवढ्यासाठी लावावाच. जोतिबाच्या चैत्र यात्रेला दवणा वाहतात, कन्नडमध्ये त्याच पौर्णिमेला दवनद हुण्णिमे म्हणतात, म्हणजे दोन्हीकडचा हिशेब एकाच झाडावर.

गणित उलटं मांडा. पेरल्यापासून साधारण चार महिने लागतात, म्हणून नोव्हेंबरमध्ये पेरायचा. पावसात पेरला तर हमखास कुजतो. बी ताजंच हवं. गेल्या वर्षीचं पुडीत उरलेलं बी टाकाल तर नुसती माती बघत बसाल, त्याची उगवण फार लवकर जाते. धुळीसारखं बी चिमूटभर बारीक वाळूत मिसळून पसरट भांड्यात टाका, वरून पाणी ओतू नका, फवारा. चार-सहा पानं आली की चार बोटांच्या अंतरानं दहा इंची कुंडीत लावा. ऊन पूर्ण, पाणी बेताचं, खत जवळजवळ नाही. जास्त खतानं तो माजतो आणि वास पातळ होतो.

बारीक पिवळसर फुलं दिसायला लागली की वास सगळ्यात दाट. तेव्हा कापा. दवणा वर्षायू आहे, बी धरून वाळतो. वाळला म्हणून मला फोन येतात. तुमची चूक नाही.

मरव्याचं तसं नाही, तो काडीवर येतो. गजरेवालीकडची ताजी जुडी आणा, चार काड्यांची खालची पानं काढून ओल्या वाळूत खोचा. सप्टेंबरअखेर लावलेल्या बहुधा धरतात.

१४. पानं पिवळी पडतात. खत कमी की पाणी जास्त?

कुठली पानं ते बघा. खालची जुनी पानं सगळी एकसारखी पिवळी असतील तर नत्र कमी, गांडूळखत मूठभर द्या. वरची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. आपल्याकडे हे बोअरच्या जड पाण्यानं होतं. क्षारांनी माती अल्कधर्मी झाली की लोह मातीत असूनही झाडाला उचलता येत नाही. कुंडीच्या बाहेर पांढरे ओघळ दिसत असतील तर खूण पक्की. पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवा किंवा नळाचं घाला, आणि वरची दोन बोटं माती बदला. वर-खाली सगळीच पानं पिवळी आणि लिबलिबीत असतील तर प्रश्न ८.

१५. आम्ही अथणीला आहोत. काळी माती, पाऊस नाही. हे सगळं आम्हाला लागू आहे का?

अर्धं. तुमच्याकडे वर्षाचा पाऊस ५००-६०० मिलिमीटरच्या घरात, त्यामुळे ८ व्या प्रश्नातली धावपळ तुम्हाला नको. रोजमेरी, थाईम आमच्यापेक्षा तुमच्याकडे बरी होईल. पण काळी माती कुंडीत घालू नका. भिजली की चिखल, वाळली की भेगा, आणि भेगांबरोबर बारीक मुळं तुटतात. नाइलाज असेल तर एक हिस्सा काळी माती, दोन हिस्से वाळू आणि तूस. मार्च ते मे पश्चिमेचं ऊन अडवा, मातीवर उसाच्या पाचटाचा थर द्या. पाच आणि ब्राह्मी तुमच्याकडे हट्टानंच करावी लागेल.

१६. तुळशीची पानं आक्रसतात, खाली काळे बारीक किडे असतात. काय मारावं?

तो जाळीदार पंखांचा तुळशीचा ढेकूण. पानामागे बसून रस पितो, काळे ठिपके म्हणजे त्याची विष्ठा. आक्रसलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, कुंडीजवळ नको. उरलेल्यावर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं भांड्याचं साबण घुसळून, संध्याकाळी, पानांच्या मागून फवारा. दर आठवड्याला एकदा, तीन वेळा. नंतर आठवडाभर पानं खाऊ नका. पांढरा कापूस दिसत असेल तर पिठ्या ढेकूण, उपाय तोच, पण आधी मुंग्यांची रांग तोडा, त्याच त्याला झाडावर पसरवतात.

१७. निपाणीहून तंबाखूची भुकटी फुकट मिळते. त्याचं पाणी फवारू?

खायच्या किंवा चहात टाकायच्या झाडावर नको. निकोटीन किड्याला मारतं तसं माणसालाही विषारी आहे आणि कातडीतून आत जातं. शिवाय तंबाखूतला विषाणू शेजारच्या टोमॅटो-मिरचीला लागू शकतो. मिरची तुम्ही कुंडीत लावलेली असणारच.

१८. गवती चहा, तुळस लावली की डास येत नाहीत म्हणतात. आमच्याकडे तर वाढले!

उभं झाड डास पळवत नाही, तेल पानाच्या आत असतं, पान चुरडल्याशिवाय बाहेर येत नाही. वाढले ते कुंडीखालच्या ताटल्यांमुळे. साचलेल्या पाण्यात अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. ताटल्या दर पाच-सहा दिवसांनी ओता आणि कडा घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात.

१९. मे महिन्यात पंधरा दिवस गावाला जातोय. शेजाऱ्यांना सांगायला नको वाटतं.

सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा, निघताना छाटा आणि तुडुंब पाणी द्या. मध्ये पाण्यानं भरलेला माठ, त्यातून जुन्या सुती धोतराच्या वाती प्रत्येक कुंडीत बोटभर खोल खोचलेल्या. माठ कुंड्यांपेक्षा उंचावर. आठ-नऊ दिवस निभावतं. पंधरा दिवसांसाठी शेजाऱ्यांना सांगावंच लागेल, आणि परत येताना त्यांच्यासाठी कुंदा आणा.